जिवंत राजाला मेलेल्याची दाढी

वर्तमानपत्रात छापून आलंय की माझ्या सासूबाईंचं डोकं फिरलंय. असं सरळ लिहिलेलं नाही. तेवढी हिंमत असती तर बरं झालं असतं. लिहिलंय असं, की ‘वयोमानामुळे भान हरपलेल्या एका ज्येष्ठ महिला कारागिराने स्वतःच्याच सत्कारात एक अनमोल ठेवा कात्रीने कापला.’ सोबत फोटो. फोटोत सासूबाईंचं तोंड उघडं आणि हात कात्रीसकट वर. बघणाऱ्याला वाटावं, बाई आता पहिल्या रांगेवर धावून जाणार. प्रत्यक्षात त्या तेव्हा ‘एक मिनिट थांबा’ एवढंच म्हणत होत्या. मी चार पावलांवर उभी होते.

आता कलावंत संघाच्या सचिवांना लेखी माफी हवी आहे, आठ दिवसांच्या आत. माफीत वयाचा आणि प्रकृतीचा उल्लेख असावा, म्हणजे प्रकरण सहानुभूतीने मिटवता येईल, असं त्यांनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं. नाहीतर सासूबाईंचं नाव संघाच्या यादीतून काढून टाकावं लागेल. त्या यादीत त्यांचं नाव पन्नास वर्षं आहे. म्हणजे एकतर मी वेडी झाले असं लिहून द्या, नाहीतर तुम्ही आमच्यातल्या कधी नव्हताच असं आम्ही लिहितो.

सासूबाईंचं भान हरपलेलं नाही. या घरात कुणाचं हरपायचंच असेल तर आधी माझं हरपेल. म्हणून काय झालं ते मी पहिल्यापासून सांगते.

आमचा धंदा केसांचा. नाटक-सिनेमाला लागणारे टोप, मिशा आणि दाढ्या. घरामागच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर बत्तीस लाकडी डोकी. प्रत्येक डोक्यावर पेन्सिलने कुणा ना कुणा नटाचं माप लिहिलेलं. त्यातल्या बऱ्याच जणांची खरी डोकी आता या जगात नाहीत, लाकडी तेवढी उरलीत. कामाची वाटणी सरळ होती. डोक्याचा वरचा भाग सासऱ्यांचा, नाकाखालचा सासूबाईंचा. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून वरचा भाग माझ्याकडे आलाय.

दाढी करायची म्हणजे बारीक जाळीवर एकेक केस आकड्याने ओढून घ्यायचा आणि त्याची गाठ मारायची. एक केस, एक गाठ. भरघोस दाढीला तीन-साडेतीन हजार गाठी लागतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात आकडा दिला. म्हणाल्या, “स्वयंपाक काय, कुणालाही जमतो.” मला तोही जमत नव्हता, हे त्यांना जरा उशिरा कळलं. पण आकडा हातात बसला आणि आमचं जमलं.

गल्लीत त्यांना सगळे ‘दाढीवाल्या बाई’ म्हणतात. नवा पोस्टमन आला की पहिल्यांदा हे नाव ऐकून त्यांच्या हनुवटीकडे बघतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही. पण दाढी चुकीची दिसली की त्यांचं माथं भडकतं. टीव्हीवर एखादा दरोडेखोर संन्याशाच्या दाढीत दिसला तर जेवता जेवता ताट सरकवून उठतात. त्यांचं म्हणणं असं, की माणूस तोंड उघडायच्या आधी त्याची दाढी बोललेली असते. बायको गेलेल्याची दाढी वेगळी, तुरुंगातून सुटलेल्याची वेगळी, आळशाची वेगळी. चुकीची दाढी लावणं म्हणजे नटाने बोलायच्या आधीच प्रेक्षकाशी खोटं बोलणं.

आणि अशा बाईच्या हातून ती एक दाढी झाली.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इजिप्तच्या राजावर, म्हणजे फेरोवर, सिनेमा निघाला होता. कलादिग्दर्शक एका मासिकातलं रंगीत पान फाडून घेऊन आला. सोन्याचा चेहरा, डोक्याला निळे पट्टे, आणि हनुवटीखाली वेणीसारखी गुंफलेली बारीक लांब दाढी, टोकाला पुढे वळलेली. म्हणाला, “अशी पाहिजे. राजाची आहे.” एवढंच. विचारायला कुणी नव्हतं आणि पुस्तक कुणाकडे नव्हतं. सासूबाईंनी पान भिंतीला टाचलं आणि कामाला बसल्या.

ही दाढी जाळीवर होत नाही. त्यांनी कापडाचा गाभा केला, आत तार घातली, वरून बकरीच्या केसांच्या बारीक वेण्या गुंडाळल्या. वळणात मात्र तार घातली नाही. नटाने मान खाली घातली की तारेचं टोक छातीला टोचलं असतं, म्हणून वळण नुसतं डिंकाने कडक केलं. हे सगळं मी ऐकलेलं आहे, कारण तेव्हा मी शाळेत होते आणि त्याच सिनेमाला दोनदा जाऊन बसले होते.

सिनेमा वर्षभर हलला नाही. त्यातला नट एका रात्रीत मोठा झाला, आणि मग जो तो फेरो करायला निघाला. नाटकात फेरो, सर्कशीच्या तंबूवर फेरो, रंगाच्या डब्यावर फेरो. पोस्टर रंगवणाऱ्यांनी ते वळण इतकं वाढवलं की त्याला पिशवी अडकवता आली असती. चित्रकथांच्या पुस्तकात तर राजा झोपलेला असतानाही दाढीचं टोक चादरीतून वर. एका कादंबरीकाराने लिहिलं होतं, ‘आपली वळणदार दाढी कुरवाळत फेरो हसला.’ सासूबाई ते पान मला अजून वाचून दाखवतात. “डिंकाने कडक झालेली वस्तू कुरवाळायची कशी? कुणी सांगेल का मला?” यातल्या एकानेही खरा पुतळा बघितला नव्हता. सगळ्यांनी सासूबाईंची दाढी बघितली होती.

सात वर्षांनी गावात एक प्रदर्शन आलं. इजिप्तच्या मूर्ती, शवपेट्या, भिंतीवरची चित्रं, सगळं हुबेहूब घडवलेल्या प्रतिकृतींतून. सासू-सासरे दोघेही गेले. तिथे एक निवृत्त इतिहासशिक्षक काठी टेकत लोकांना समजावून सांगत होते. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो गालावरच्या रेघेबद्दल. पुतळ्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत एक पट्टी कोरलेली होती. मास्तर म्हणाले, “तो दाढीचा बंद. त्यांची दाढी खोटीच असायची, बांधायचे ती. एक बाई राज्यावर बसली होती, तिनेही स्वतःला दाढी लावूनच कोरून घेतलंय.”

सासूबाईंना इतका आनंद झाला म्हणे, की त्यांनी सासऱ्यांचा दंड दाबला. जगात असा राजा होऊन गेला ज्याला आमच्या धंद्याची गरज होती, आणि त्याला त्याची लाज नव्हती. बंद लपवायचा नाही, उलट दगडात कोरायचा. आमच्याकडे मात्र मेकअपमन तो बंद लपवता लपवता मेटाकुटीला येतात.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. काही दाढ्या खाली सपाट कापलेल्या आणि काही पुढे वळलेल्या, असं का?

मास्तर म्हणाले, “सरळ दाढी जिवंत राजाची. वळलेली देवाची, नाहीतर मेलेल्या राजाची. मेल्यावर तो देवात जमा झाला, म्हणून.”

“आणि तो सोन्याचा चेहरा? मासिकांत येतो तो?”

“तो मुखवटा आहे बाई. प्रेताच्या तोंडावर घातलेला.”

सासूबाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. सासऱ्यांनी समजूत घातली, “अगं, सिनेमा आहे तो. कोण बघतंय एवढं?” त्या म्हणाल्या, “मी बघतेय ना.” दुसऱ्या दिवशी उठून त्या थेट त्या पहिल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाकडे गेल्या. जिवंत राजा सिंहासनावर बसतो, लढतो, लग्न करतो, आणि सगळा वेळ त्याच्या तोंडाला मेलेल्याची दाढी, असं त्यांनी सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, “बाई, तुमच्या चुकीने माझं घर उभं राहिलंय. तिला हात लावू नका.”

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. मरायच्या आधी एका तरी जिवंत फेरोला जिवंत माणसाची दाढी लावायची. फार मोठं मागणं होतं का हे? कुणाचा पैसा जात नव्हता, कुणाला जास्त काम पडत नव्हतं. उलट वळण नसेल तर डिंकही वाचतो.

एका नाटकवाल्याने सरळ दाढी हातात घेतली आणि विचारलं, “ही काय, खराट्याची दांडी?” एका मालिकेवाल्याने मान डोलावली, दाढी नेली आणि सेटवर तिचं टोक ओलं करून पेन्सिलीला गुंडाळलं, वर केस वाळवायचं यंत्र फिरवलं. पहिल्या भागातच राजा दरबारात मेलेला. मालिकेवाल्याला मी फोन केला तर म्हणाला, “वहिनी, वळण नसेल तर लोक विचारतात हा फेरो आहे की त्याचा कारकून.” मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटची आशा तीन वर्षांपूर्वी आली. एक तरुण दिग्दर्शिका, चार वर्षं अभ्यास केलेली. आमच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसली आणि सासूबाईंचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “आजी, दोन्ही करा. जिवंत असताना सरळ, अंत्ययात्रेत वळलेली.” सासूबाईंचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. एका भिंगाखाली त्या विणत आणि दुसरं भिंग लावून मी तपासत असे. पाच महिने लागले. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी त्या सेटवर गेल्या, नटाच्या कानामागे स्वतः बंद बांधला आणि खुर्चीत बसून दिवसभर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसाइतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. पडदा उजळला, राजा सिंहासनावरून उठला, आणि दाढीचं टोक पुढे वळलेलं. पैसे लावणाऱ्यांनी पोस्टर बघून वळणाचा हट्ट धरला होता, म्हणून सगळं चित्रीकरण संपल्यावर कॉम्प्युटरवर एकेक चित्र घेऊन टोक वळवलं होतं. दिग्दर्शिका नंतर फोनवर रडली. रडून काय उपयोग? पाच महिने दोन बायका भिंगाखाली बसल्या, आणि कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून एका बोटाने त्या राजाला ठार मारलं. सासूबाई अख्खा सिनेमा बसून राहिल्या. अंत्ययात्रा आली तेव्हा हळूच म्हणाल्या, “आता बरोबर आहे.”

आणि यानंतर संघाचं पत्र आलं. ‘फेरोच्या अजरामर दाढीच्या निर्मातीचा हृद्य सत्कार.’ पन्नास वर्षांत या संघाला त्यांचं नाव एकदा आठवलं नव्हतं. श्रेयनामावलीत टोपवाला म्हणून सासऱ्यांचं नाव यायचं, दाढी कुणी केली हे कधीच नाही. आता आठवलं, आणि आठवलं ते नेमकं चुकीसाठी. मी म्हटलं, “जाऊ नका आई. थोबाडीत मारल्यासारखं आहे हे.”

“जाणार,” त्या म्हणाल्या. “सगळा धंदा एका ठिकाणी बसलेला असेल. एकदा सांगितलं की झालं.”

आठ दिवस त्यांनी भाषणाची तयारी केली, कामाच्या खोलीत, त्या बत्तीस डोक्यांपुढे. ती डोकी निदान ऐकून तरी घेत होती.

सभागृह भरलं होतं. मागच्या पडद्यावर माणसाएवढी वळलेली दाढी रंगवलेली. टेबलावर एका लाकडी डोक्याला ती पहिली दाढी लावून ठेवलेली. नटाच्या घरच्यांनी ती संघाला देऊन टाकली होती. सासूबाई ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिल्या आणि स्वच्छ आवाजात बोलल्या. ही दाढी मी केली. ही चुकीची आहे. ही मेलेल्या राजाची आहे. सात वर्षं मला ते ठाऊक नव्हतं, नंतरची चौतीस वर्षं मी तुम्हाला सांगत आले, कुणी ऐकलं नाही. ही चूक माझी आहे, आता तरी ती थांबवा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साध्या टाळ्या नाहीत, उभं राहून. निवेदक भरल्या गळ्याने म्हणाला, “बघा मंडळी, मोठी माणसं अशी असतात. केवढा हा विनय.” सचिव रुमालाने डोळे टिपत होते. सासूबाई एकदा लोकांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. “अहो, विनय नाही,” त्या म्हणाल्या. त्यावर आणखी टाळ्या पडल्या. मी आतल्या आत जळत होते. एक बाई चौतीस वर्षं एकच वाक्य घेऊन दारोदार फिरते, शेवटी ते पाचशे माणसांपुढे बोलते, आणि पाचशे माणसं त्या वाक्याला हार घालून बाजूला ठेवतात.

तेव्हा त्या म्हणाल्या, “एक मिनिट थांबा.” त्यांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली छोटी कात्री कायम असते, झोपतानाच काय ती काढतात. टेबलाजवळ गेल्या, डाव्या हाताने दाढी धरली, अंगठा खालपर्यंत सरकवत आणला, एका जागी थांबल्या आणि तिथे कात्री लावली. वळण टेबलावर पडलं. टाळ्या थांबल्या.

भान हरपलेल्या बाईने ते कापलं म्हणतात. मग हे सांगा, त्या दाढीच्या आत तार आहे. तार जिथे संपते त्याच्या वर कात्री लावली असती तर पातं मोडलं असतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी केसांच्या आत पुरलेली तार कुठे संपते हे त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होतं. सचिवांना परवा काय जेवले ते तरी आठवतं का?

तर आता माफी. माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, वीज कंपनीत कारकून आहे आणि कुठल्याही पत्राला घाबरतो. मनाने चांगला आहे. पण काल संध्याकाळी त्याने स्वतःच मसुदा टाईप करून आणला. ‘माझे वाढते वय आणि ढासळती प्रकृती यामुळे माझ्या हातून अनवधानाने…’

“हे तुम्ही लिहिलंत?” मी विचारलं. “स्वतःच्या आईबद्दल?”

“अगं, नाव जाईल तिचं यादीतून. पन्नास वर्षांचं. एक सही तर करायचीय.”

“आणि ती सही राहील ना कायमची. उद्या कुणी विचारलं त्या बाई काय सांगत होत्या, की हा कागद पुढे करतील. वेडी होती म्हणतील, तिनेच लिहून दिलंय.”

त्यालाही ते कळत होतं, नाही असं नाही. पण आईचं नाव खोडलं जाणार या विचाराने त्याचा चेहरा एवढासा झाला होता, आणि त्याच्याकडे बघून माझाही आवाज खाली आला.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्यांचं लक्ष नाही. त्या म्हणाल्या, “आण इकडे. वाच मोठ्याने.”

मी वाचला. ‘अनवधानाने’पाशी त्यांनी हात वर केला.

“माफी मागायला माझी ना नाही,” त्या मुलाला म्हणाल्या. “मी तर कधीची मागतेय. घेतच नाहीत कुणी. आता स्वतःहून मागताहेत तर देऊन टाकू.”

“आई, सही कर मग.”

“याच्यावर नाही. पेन दे, आणि कोरा कागद.”

भिंग डोळ्याला लावून त्यांना तासभर लागला. मी मदत करायला गेले तर हात झटकला. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला, शब्द बदलायचा नाही म्हणाल्या, आणि तो आज सकाळी मी स्वतः पोस्टात टाकून आले. त्याची नक्कल वर्तमानपत्रालाही पाठवलीय. छापतील असं वाटत नाही, म्हणून इथे देते.

‘सचिवसाहेब, आपण माफी मागायला सांगितलीत, मागते. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी एका जिवंत राजाला मेलेल्या माणसाची दाढी लावली. चित्र कुणाच्या तोंडावरचं आहे हे विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. माझं बघून पुढे सगळ्यांनी केलं, म्हणून त्यांच्या वाटची माफीही मीच मागते. दाढी कापली त्याची माफी मागत नाही. आपण वयाचा उल्लेख करायला सांगितलात. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. पण चूक केली तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते, आणि माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं.’